जिथे मी चित्रपट थांबवतो

आमच्या महाविद्यालयात नऊ नंबरच्या खोलीला पडदे नाहीत. मी अर्ज करत राहिलो, तेवढ्यात तीन प्राचार्य बदलले, पडदे काही आले नाहीत. शेवटी एका विद्यार्थ्याने टोमॅटोच्या वाफ्यांवर अंथरतात तो प्लास्टिकचा मल्चिंग पेपर घरून आणला आणि चिकटपट्टीने खिडक्यांना लावला. चंदेरी बाजू बाहेर, काळी बाजू आत. त्यामुळे नारायणगावच्या भर दुपारी, बाहेर क्रेटांनी भरलेले टेंपो हॉर्न वाजवत हायवेकडे निघालेले असताना, आमच्या खोलीत मिट्ट काळोख होतो. दर शनिवारी दोन वाजता त्या काळोखात मी मुलांना राक्षस दाखवतो.

मी मराठीचा प्राध्यापक. वय त्रेपन्न. हा उद्योग मला कोणी सांगितलेला नाही आणि अभ्यासक्रमातही नाही. एका शनिवारी डार्क फँटसी म्हणतात तसला परदेशी चित्रपट, पुढच्या शनिवारी एखादा जुना ग्रंथ : नाटक, आख्यान, नाहीतर भाषांतरित जाडजूड कादंबरी. मग दोन्ही शेजारी ठेवून चिरफाड करायची. श्वापद आलं कुठून, ते कोणाला दिसतं, कोणाला दिसत नाही, शेवटी ते मरतं की नुसतं निघून जातं. मुलं याला ‘सरांचं भूतमंडळ’ म्हणतात. स्टाफरूममध्ये याहून वाईट नाव आहे, ते मला माहीत नाही असं सगळे समजतात.

दर वर्षी नव्या मुलांपुढे माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. “राक्षस हा कधीच राक्षस नसतो.” तो गावाने दडपलेलं पाप असतो, घरातलं न बोललेलं दुःख असतो, पण दात आणि नखं असलेलं जनावर तो नसतो. मी हे इतक्या ठामपणे सांगतो की मुलं वहीत लिहून घेतात. एका वर्षी मात्र शेवटच्या बाकावरचा एक जण उभा राहिला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “सर, आमच्या उसात सध्या दोन प्रतीकं हायेत. परवा त्यातल्या एकानं कुत्रं नेलं.”

वर्ग हसून लोळला. मी त्या पोराला बाहेर काढलं. रागावण्यासारखं त्यात काय होतं, हे त्या वेळी मला कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. त्याचं खरंच होतं. आमच्या तालुक्यात वळणावळणाला ‘बिबट्यापासून सावध’ असा वनखात्याचा फलक आहे, उसाच्या कडेला पिंजरा लावलेला आहे, खुरपणीला निघालेल्या बाया मोबाइलवर मोठ्यांदा गाणी लावून घोळक्याने जातात. अशा मुलखात उभं राहून श्वापद हे प्रतीक असतं म्हणायला एक तर फार विद्वत्ता लागते नाहीतर फार गरज लागते. माझ्याकडे विद्वत्ता बेताचीच आहे.

चित्रपट दाखवताना मी मधेमधे थांबवतो. शिकवायचं तर थांबवावं लागतंच. मिणमिणता दिवा, ओलसर भिंत, आईच्या हातातली चिंध्यांची बाहुली, असं काही आलं की मी बटण दाबतो आणि त्या गोठलेल्या चित्रापुढे उभा राहून बोलतो. माझं डोकं पडद्यावर येतं, मुलं ओरडतात, “सर, सावली!” मी सरकतो आणि पुन्हा बोलतो. या खोलीत मी जितका सुखी असतो तितका घरी नसतो, हे माझी बायकोही मान्य करते.

गेल्या वर्षी तृतीय वर्षाला आणे पठारावरची एक मुलगी होती. घाट उतरून एसटीने येणारी, एसटी चुकली तर जीपच्या मागच्या बाकावर दाटीवाटीने बसून येणारी. वर्गात फारशी बोलायची नाही. पण शनिवारी नेहमी पहिल्या बाकावर, आणि मी बोलताना ती पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघायची. मला वाटायचं, चला, एक तरी मनापासून ऐकणारी मिळाली. माणसाला किती भ्रम असतात.

शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प असतो. कोणत्याही एका समीक्षकाच्या लेखनाचा अभ्यास करायचा. बहुतेक मुलं आधीच्या वर्षाचा प्रकल्प मिळवतात आणि नाव बदलून जमा करतात. ही मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी राहून म्हणाली, “सर, मी तुमच्यावर करू का?”

मी फुशारलो. खोटं कशाला सांगू! दिवाळी अंकांतून आणि दोन-तीन नियतकालिकांतून आलेले माझे लेख मी तिला काढून दिले, आणि शनिवारच्या टाचणांच्या चौदा वर्षांच्या वह्याही दिल्या. एका पिशवीत मावल्या नाहीत म्हणून दोन पिशव्या केल्या. पुढचे दोन महिने मी जरा नीट इस्त्री करून कॉलेजात जात होतो.

प्रकल्प आला तो चाळीस पानांचा. अक्षर स्वच्छ. सुरुवातीला माझी स्तुती होती, ती मी सावकाश वाचली. मग मधल्या भागात एक तक्ता होता. मी आजवर दाखवलेले चित्रपट आणि शिकवलेले ग्रंथ एका रकान्यात, आणि शेजारच्या रकान्यात मी प्रत्येकात सगळ्यात जास्त वेळ कुठे थांबलो ते.

दलदलीच्या गावाचा चित्रपट : चिडलेला मुलगा धुक्यात हाक मारतो, तिथे. मिठाच्या खाणीतल्या मुलीचा चित्रपट : तिने तिसऱ्या टकटकीला ‘कोण?’ विचारलं, तिथे. नावाड्याच्या पोराची जुनी कादंबरी : त्याने पैजेपायी नदीला नावाने बोलावलं, तिथे. अशा नोंदी दोन पानं भरून होत्या. खाली तिने लिहिलं होतं : ‘सर प्रत्येक कलाकृतीत एकाच जागी येऊन थांबतात. मुलाच्या तोंडून चुकीचा शब्द निघतो ती ही जागा. येथे सर दर वेळी सांगतात की मुलाचा काही दोष नाही, श्वापद त्याच्या शब्दामुळे आलेले नाही. मात्र दिग्दर्शकाने किंवा लेखकाने तसे कुठेही म्हटलेले नाही. उलट बऱ्याच ठिकाणी ते शब्दामुळेच आलेले आहे.’

मी ते पान दोनदा वाचलं. मग प्रकल्प धाडकन मिटला. समोर बसलेल्या भूगोलाच्या सरांनी विचारलं, “काय राव, बरं न्हाई का?”

मी मुलीला बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर झाडलं. विषयाला धरून लिहायला शिक, समीक्षकाच्या लेखनाचा अभ्यास करायचा होता, त्याच्या हाताचा आणि रिमोटचा नाही, असं बरंच काही. प्रकल्प तिच्या अंगावर जवळजवळ फेकलाच. ती रडली नाही. पानं गोळा केली, कडा जुळवल्या, आणि खाली बघत म्हणाली, “सर, एकच इच्यारते. पोरगं चुकलंच नसंल, तर तुमी दर वेळी सांगता कशाला?”

उत्तर माझ्याकडे होतं. ते चव्वेचाळीस वर्षं माझ्याकडे आहे. पण स्टाफरूममध्ये द्यायचं नव्हतं.

आमचं मूळ गाव आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभ्याच्या पाण्याच्याही वर, डोंगराच्या कुशीत. पंधरा-वीस घरांची वाडी. खाचरात भात, उतारावर नाचणी आणि वरई, बाकी कारवीचं रान. गावच्या शिवेवर शेंदूर फासलेला एक दगड आहे, तो आमचा वाघोबा. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते, तेव्हा त्याची खीर करतात. त्या दिवशीचं दूध घरात ठेवायचं नाही, विकायचं नाही, ज्याच्या दावणीला दुभतं जनावर आहे त्याने ते सगळं खिरीला द्यायचं. आणि गुराखी पोरांपैकी एकाला वाघ करायचं.

वाघ करायचं म्हणजे तोंडाला गेरू आणि राख फासायची, कमरेला दोराची शेपटी बांधायची. बाकीची पोरं काठ्या घेऊन हाकारे देत त्याला शिवेपर्यंत पळवतात. दगडाजवळ त्याला अडवून तीनदा विचारायचं, “आमच्या शिवंत येशील का?” वाघाने तिन्ही वेळा म्हणायचं, “न्हाई येनार!” आणि शिवेपलीकडे पळून जायचं. मग तोंड धुऊन परत यायचं आणि खीर खायची. एवढंच. वर्षभर वाघ गुरांना तोंड लावणार नाही, असा तो करार.

त्या वर्षी मी नऊ वर्षांचा होतो आणि वाघ मी होतो. महिनाभर आधीपासून मी गुरगुरायचा सराव करत होतो. माझी चार वर्षांची बहीण मला घाबरून आईच्या लुगड्यामागे लपायची आणि पुन्हा डोकावून “अजून कर” म्हणायची.

पाठलाग सुरू झाला. थोरली पोरं रंगात येऊन काठ्या जरा जोरातच चालवत होती. शिवेच्या अलीकडे एकाची काठी माझ्या नडगीवर बसली. डोळ्यांसमोर काजवे चमकले. माझा स्वभाव तेव्हाही हाच, नाकावर राग. दगडाजवळ सगळ्यांनी घेरलं आणि आरोळी दिली, “आमच्या शिवंत येशील का?”

मी म्हणालो, “येईन! घरात येईन तुमच्या!”

पोरं आधी हसली. मग एकदम गप्प झाली, कारण दगडापाशी खिरीचं पातेलं घेऊन बसलेले म्हातारे उठले होते. त्यातल्या एकाने माझ्या थोबाडीत दिली. “थुक. आन् नीट म्हन.” मी थुंकलो. मग तिन्ही वेळा नीट म्हणालो, न्हाई येणार, न्हाई येणार, न्हाई येणार. म्हाताऱ्यांनी दगडापुढे आणखी एक नारळ फोडला. खीरही मिळाली. वाघ पळवताना बायका शिवेवर येत नसत, त्या मागाहून पाया पडायला जात, त्यामुळे आई तिथे नव्हती.

अकराव्या दिवशी आम्ही भाताच्या खळ्यावर होतो. उन्हं उतरली होती. वडील पेंढ्या झोडपत होते, आई त्या उचलून रचत होती, मी बैल वळवायला खाली गेलो होतो. बहीण खळ्याच्या कडेला भाताच्या काडीची बाहुली करत बसली होती. आई पेंढी ठेवायला वळली आणि परत वळली, एवढाच वेळ गेला. मी खालून आईची किंकाळी ऐकली. वर आलो तेव्हा कारवी अजून हलत होती.

रात्रभर माणसं पलिते घेऊन रानात होती. सकाळी ती परतली तेव्हा मला घरात कोंडून बाहेरून कडी घातली होती. मी फटीतून बघितलं. वडिलांच्या हातात घोंगडीचं गाठोडं होतं, आणि ते फार लहान होतं.

यापुढचं सांगायला मला भूतमंडळाची भाषा उपयोगाची नाही.

गावात मला कोणीही काही बोललं नाही. ज्याची काठी लागली होती तो बोलला नाही, ज्याने थोबाडीत दिली होती तो म्हातारा बोलला नाही. सगळ्यांनी माझा तो शब्द पोटात घातला. पण मी जवळून गेलो की चार माणसांचं बोलणं थांबायचं, आणि ते कशासाठी थांबलंय हे मला कळायचं. पुढच्या जूनमध्ये वडिलांनी मला आश्रमशाळेत टाकलं. तिथून घोडेगाव, तिथून पुणे. पुस्तकं हाताला लागली. त्यात सगळीकडे श्वापदं होती आणि ती समजावून सांगणारी हुशार माणसं होती. ती म्हणत होती की श्वापद म्हणजे श्वापद नव्हे. बुडत्याला काडी मिळाली, आणि मी त्या काडीवर पीएच.डी. केली.

वडील गेले त्याला वीस वर्षं झाली. आई अजून तिथेच असते, एक गाय सांभाळते, नारायणगावला यायला तयार नाही. “तुझ्या गावात मोटारींचा लई कालवा,” म्हणते. ती वाघोबाच्या दगडाकडे त्या सालापासून गेलेली नाही. दर वाघबारशीला पहाटे ती वासरू सोडून देते आणि त्याला गाय पूर्ण पिऊ देते. खिरीचं दूध मागायला कोणी आलं की रिकामी चरवी दाखवते. हळूहळू लोकांनी येणं बंद केलं.

मला इतकी वर्षं एकच प्रश्न होता. आईला माझा तो शब्द माहीत आहे का? ती माझ्याशी नीट वागली, पोटाला चिमटा घेऊन शिकवलं, बाळंतपणाला माझ्या बायकोजवळ येऊन राहिली. पण बहिणीचं नाव तिने माझ्यासमोर कधी काढलं नाही. ते मला वाचवण्यासाठी होतं की तिच्या मनात माझ्यावर राग होता म्हणून, हे मला ठरवता येईना. तिच्या प्रत्येक गप्प बसण्याचं मी विश्लेषण करायचो. चित्रपट थांबवता येतो, मागे नेता येतो. आईला कसं थांबवणार!

आणे पठारावरच्या त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी शनिवारची खोली दोन आठवडे बंद ठेवली. मग तिला बोलावलं, प्रकल्प मागून घेतला आणि पैकीच्या पैकी गुण देऊन सही केली. माफी मागायची होती, ती नीट जमली नाही. “तक्ता बरोबर आहे,” एवढंच म्हणालो. ती म्हणाली, “मला म्हाईत हाय सर.” आता ती मंचरला कुठेतरी नोकरी करते, असं कळलं.

यंदा वाघबारशीच्या दिवशी मी रजा टाकली आणि सकाळीच मोटरसायकल काढली. कळंबवरून महाळुंगे पडवळच्या वाटेला लागलो. रस्त्याकडेला ऊसतोडीच्या टोळ्या उतरायला लागल्या होत्या, चिलीपिली मुलं बैलगाडीखाली खेळत होती, आणि त्यांच्याकडे बघत मी गाडी उगाच हळू केली. घोडेगाव मागे पडलं, डिंभ्याचं पाणी डाव्या हाताला चमकत राहिलं. सगळ्या वाटेने मी वाक्यं जुळवत होतो. व्याख्यानाच्या आधी जुळवतो तशी.

आई ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. मला बघून म्हणाली, “आज कसा काय रं? सुट्टी हाय?” मी तिच्यापुढे बसलो. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना.

“आये, त्या साली वाघ मी झालो व्हतो,” मी म्हणालो. चाळीस वर्षांत न बोललेली गावची बोली आपोआप तोंडात आली.

“ठावं हाय की. गेरू मीच लावला व्हता.”

“शिवंवर इच्यारलं तवा मी ‘न्हाई’ म्हनालो नव्हतो. मी ‘येईन’ म्हनालो. घरात येईन म्हनालो.”

तिचा तांदळातला हात थांबला. मी पुढे बोलत सुटलो. काठी लागली होती, राग आला होता, मग थुंकलो होतो, तिन्हीदा नीट म्हणालो होतो, जादा नारळ फोडला होता, असं सगळं. वकिलासारखा बोलत होतो. आणि बोलताना तिच्याकडे बघून मला कळलं की तिला यातलं काहीही माहीत नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांत गावातल्या एकाही माणसाने तिला सांगितलं नव्हतं. ती गप्प राहत होती ती केवळ तिच्या दुःखाने. त्यात मी कुठेच नव्हतो. तिच्या मौनाचा एवढा अभ्यास केला, एवढे अर्थ लावले, आणि सगळा अभ्यास चुकला.

मी म्हणणार होतो, आये, पण ते नुसतं जनावर होतं, म्हातारं असेल, भुकेलं असेल, पोराच्या शब्दाने काही होत नसतं. हजार वेळा म्हटलेलं वाक्य. ते तोंडातून निघेना.

आईने सुपातले दोन खडे वेचून बाजूला टाकले. मी वाट बघत होतो. ती शिव्या देईल, रडेल, थोबाडीत देईल, नाहीतर पोटाशी धरेल. काहीही चाललं असतं. सगळ्यात जास्त मला एकच वाक्य हवं होतं, जे मी परक्या देशांतल्या, पडद्यावरच्या, पुस्तकातल्या सगळ्या पोरांना आजवर फुकट वाटलं होतं.

ती म्हणाली, “म्हंजी त्यो बलावल्याबिगर आला न्हवता.”

मला आधी समजलं नाही.

“आपल्या घरानं कंदी दूध चुकवलं न्हाई,” ती सावकाश बोलत होती, माझ्याशी नाही, स्वतःशीच. “तुझ्या आज्याच्या टायमापासनं न्हाई. मग आपल्याच घरी का? मी लई इच्यार केला. रातीचा झोपंत बी केला. म्हनलं, ह्यो कसला देव, खातो आन् उलाटतो. चव्वेचाळीस सालं मी त्याला शिव्या घातल्या.” तिने सूप बाजूला ठेवलं. “त्याची काय बी चूक न्हवती.”

तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सुटलं होतं. लहानपणानंतर मी तो चेहरा पहिल्यांदाच बघत होतो. खळ्यावरच्या त्या संध्याकाळच्या आधी तो असा असायचा. तिला हलकं वाटत होतं आणि ते मला बघवत नव्हतं. मला तिचा राग आला. मग त्या रागाची लाज वाटली. मी दोष घेऊन आलो होतो, तो तिने उतरवून ठेवलाही, पण देवाच्या डोक्यावरून.

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. “वासरानं सगळं पिऊन टाकलं सकाळी,” ती म्हणाली. “शेजारनीकडनं तांब्याभर दूध माग. सांग, मी मागितलंय म्हनून.”

मी तांब्या घेऊन गेलो. शेजारीण माझ्या वयाची. तिने तांब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता खिरीसाठी काढलेल्या दुधातलं तांब्यात घातलं. तिला कळलं असणार. त्या वर्षी काठ्या घेतलेल्या पोरांत तिचा नवरा होता.

आईने खीर केली. तांदूळ, गूळ, दूध. मी ओटीवर बसून चुलीचा धूर बघत होतो. लांबून पोरांचे हाकारे ऐकू येत होते. आता वाडीत पोरं थोडी, चार-पाचच, बाकीची वसतिगृहांत नाहीतर शहरात. त्यांनी कोणाला तरी वाघ केलं होतं. तीनदा आरोळी ऐकू आली आणि तीनदा बारक्या आवाजात उत्तर आलं, स्पष्ट, जसं द्यायला हवं तसं.

मग आम्ही निघालो. वाट निसरडी होती. आईने एका हाताने माझा दंड धरला होता, माझ्या हातात पातेलं होतं, फडक्यातूनही चटका बसत होता. मधे ती एकदा थांबली आणि विचारलं, “लई लागली व्हती का रं काठी?”

“व्हय,” मी म्हणालो.

“सांगायचं नाय का तवाच,” ती म्हणाली आणि चालायला लागली.

दगडापाशी कोणी नव्हतं. पोरं खीर खाऊन गेली होती, पळसाची पानं पडली होती. शेंदूर नवा होता. चव्वेचाळीस वर्षांनी आई तिथे उभी राहिली, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि हात जोडून दगडाला म्हणाली, “रागावू नगंस बाबा. तुला बलावलं व्हतं, मला ठावं न्हवतं.”

मग तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, माया होती, तीच नेहमीची.

“पड पाया,” ती म्हणाली. “तूच बलावलं व्हतंस.”

मी पातेलं खाली ठेवलं आणि पडलो.